कर्मणी की अर्गेटिव्ह? ऑस्ट्रेलियातील आदिवासी भाषांच्या व्याकरणलेखनाचा इतिहास

ऑस्ट्रेलियातील आदिवासी भाषांमध्ये क्रियापदाचे खरे कर्मणी रूप फार थोड्या भाषांत आढळते. 1788 साली ब्रिटिश वसाहत सुरू झाली तेव्हा या खंडात अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. त्यांपैकी बहुसंख्य भाषांना कर्मणी रूपाची गरजच नव्हती. वाक्यात करणारा कोण आणि ज्याच्यावर क्रिया घडली तो कोण, हे त्या भाषा नामाला लागणाऱ्या प्रत्ययांवरून स्पष्ट करत. मात्र युरोपीय भाषांच्या सवयीने पाहणाऱ्याला या प्रत्ययांत कर्मणी प्रयोगाचा भास होत असे. तो भास ओळखायला आणि खरे कर्मणी प्रयोग कुठे आहेत हे शोधायला व्याकरणकारांना सुमारे दीडशे वर्षे लागली.

या भाषांची मूळ रचना मराठी वाचकाला फारशी परकी वाटणार नाही. मध्य ऑस्ट्रेलियातील वार्लपिरी भाषेतले एक वाक्य भाषाविज्ञानाच्या पुस्तकांत वारंवार येते: ‘ङर्काङ्कु का वाविरी पन्टिणी’. माणूस कांगारूला भाल्याने भोसकतो आहे, असा त्याचा अर्थ. ‘ङर्का’ म्हणजे माणूस, ‘वाविरी’ म्हणजे कांगारू, ‘पन्टिणी’ हे क्रियापद आणि ‘का’ हे वर्तमानकाळ दाखवणारे साहाय्यक रूप. करणाऱ्याला ‘ङ्कु’ हा प्रत्यय लागला आहे. कांगारूला काहीच लागलेले नाही. ‘का’ दुसऱ्या जागी ठेवला की उरलेले शब्द हवे तसे मागेपुढे करता येतात आणि अर्थ बदलत नाही. हाच माणूस नुसता चालत असेल किंवा झोपला असेल, तर त्याला ‘ङ्कु’ लागत नाही. अकर्मक क्रियेचा कर्ता आणि सकर्मक क्रियेचे कर्म एकाच रूपात येतात, सकर्मक क्रियेच्या कर्त्याला मात्र वेगळी खूण असते. अशा रचनेला भाषाविज्ञानात अर्गेटिव्ह रचना म्हणतात.

मराठीत भूतकाळी हेच घडते. ‘राम आला’ यात रामाला प्रत्यय नाही, ‘रामाने आंबा खाल्ला’ यात आहे. आंबा मात्र प्रत्ययाशिवाय आहे आणि क्रियापदही त्याच्याच लिंगवचनाप्रमाणे चालते. फरक काळाचा आहे. मराठी ‘राम आंबा खातो’ असे म्हणून वर्तमानकाळात ‘ने’ सोडून देते. वार्लपिरीसारख्या भाषांत कर्त्याची खूण सर्व काळांत कायम राहते.

बिराबान आणि थ्रेलकेल्ड

ऑस्ट्रेलियन भाषेचे पहिले छापील व्याकरण 1834 साली सिडनीत प्रसिद्ध झाले. त्याचा लेखक लान्सलॉट एडवर्ड थ्रेलकेल्ड हा लंडन मिशनरी सोसायटीचा धर्मोपदेशक होता. 1824 मध्ये तो सिडनीला पोचला आणि नंतर न्यू साउथ वेल्समधील लेक मॅक्वारीच्या काठी त्याने मिशन उभारले. हंटर नदी आणि लेक मॅक्वारी या परिसरात बोलली जाणारी भाषा त्याला शिकवली ती बिराबान या आदिवासी पुढाऱ्याने. बिराबान लहानपणी सिडनीच्या लष्करी बराकीत नोकर म्हणून वाढला होता आणि त्याला इंग्रजी उत्तम येत असे. 1830 मध्ये गव्हर्नर डार्लिंग यांनी त्याची भाषा लिखित रूपात आणण्यास मदत केल्याबद्दल त्याला पितळी मानपट्टी दिली. तोच बिराबान न्यायालयात दुभाष्याचे काम करू शकला असता. परंतु ख्रिस्ती नसल्यामुळे त्याला शपथ घेता येत नसे आणि त्याची साक्ष ग्राह्य धरली जात नसे.

थ्रेलकेल्डच्या हाती लॅटिन आणि ग्रीक व्याकरणाचा साचा होता. त्या साच्यात कर्ता एकच असतो आणि त्याची विभक्ती प्रथमा असते. बिराबानच्या भाषेत मात्र कर्त्याची दोन रूपे येत होती. थ्रेलकेल्डने दोन्ही नोंदवली आणि त्यांना दोन प्रकारच्या प्रथमा मानले: एक केवळ नाव सांगणारी, दुसरी करणाऱ्याचे नाव सांगणारी. प्रश्नार्थक सर्वनामातही हा भेद होता. नुसते कोण विचारायचे तर ‘ङान’, आणि क्रिया करणारा कोण असे विचारायचे तर ‘ङान्टो’. मराठीत ‘कोण आले?’ आणि ‘कोणी मारले?’ या दोन प्रश्नांत जो फरक आहे, तोच हा फरक.

थ्रेलकेल्डच्या नोंदीचे महत्त्व मोठे आहे. भाषेत दिसले ते त्याने साच्याबाहेर असूनही लिहून ठेवले, आणि त्या वाक्यांना कर्मणी ठरवण्याचा सोपा मार्ग धरला नाही. मिशन 1841 मध्ये बंद झाले, 1846 मध्ये बिराबान मरण पावला. 1850 मध्ये थ्रेलकेल्डने भाषेच्या रचनेवर आणखी एक पुस्तक छापले. 1892 मध्ये जॉन फ्रेझरने हे सर्व लेखन एकत्र करून, लूकच्या शुभवर्तमानाच्या भाषांतरासह, प्रसिद्ध केले आणि भाषेला अवाबकल हे नाव दिले. आज ती भाषा त्याच नावाने ओळखली जाते.

लॅटिनचा साचा

दक्षिण ऑस्ट्रेलियात 1838 मध्ये ख्रिस्टियन टाइखलमान आणि क्लामोर श्यूर्मान हे जर्मन ल्युथरन मिशनरी ॲडलेडला उतरले. आदिवासी मुलांसाठी त्यांनी पिल्टावॉड्ली येथे शाळा काढली. दोनच वर्षांत, 1840 मध्ये, त्यांनी ॲडलेडच्या मैदानी प्रदेशातील गौर्ना भाषेचे व्याकरण आणि सुमारे 2000 शब्दांचा संग्रह छापला. एन्काउंटर बे येथील भाषेचे व्याकरण हाइनरिख मायर याने 1843 मध्ये प्रसिद्ध केले, तर श्यूर्मानने 1844 मध्ये पोर्ट लिंकनकडील बार्ङर्ला भाषेचा शब्दसंग्रह दिला. ही सगळी माणसे चांगल्या अभ्यासाची होती आणि मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवावे अशा मताची होती.

त्यांच्यापुढे तोच प्रश्न उभा राहिला. सकर्मक क्रियेच्या कर्त्याला लागणारा प्रत्यय बऱ्याच ऑस्ट्रेलियन भाषांत साधनालाही लागतो. माणसाने मारले आणि काठीने मारले, दोन्हीकडे एकच खूण. लॅटिनमध्ये साधन आणि कर्मणी वाक्यातला करणारा हे ॲब्लेटिव्ह विभक्तीत येतात. त्यामुळे जर्मन मिशनऱ्यांच्या परंपरेत या प्रत्ययाला ॲब्लेटिव्ह हे नाव मिळाले. एकदा ते नाव पडले की पुढची पायरी आपोआप येते. करणारा ॲब्लेटिव्हमध्ये आणि कर्म प्रथमेत असेल, तर लॅटिनच्या नियमाने ते वाक्य कर्मणीच ठरते. अशा रीतीने ‘माणूस कांगारू मारतो’ या साध्या विधानाचे ‘माणसाकडून कांगारू मारला जातो’ असे रूपांतर व्याकरणाच्या पानावर होऊ शकत होते.

ही समजूत ऑस्ट्रेलियापुरती नव्हती. कॉकेशसमधील भाषांतही अर्गेटिव्ह रचना आहे आणि तेथील सकर्मक क्रियापदे स्वभावतः कर्मणी असतात, असे प्रतिपादन ह्यूगो शूखार्ट या नामवंत अभ्यासकाने 1895 मध्ये केले. फिनिश भाषेची गोष्ट याहून वेगळी असली, तरी तिथेही लॅटिनचेच वजन दिसते. फिनिशचे पहिले छापील व्याकरण एस्किल पेट्रेउस याने 1649 मध्ये लॅटिनमध्ये लिहिले. फिनिशमध्ये ‘पुहुटान’ हे ज्याला पॅसिव्ह म्हणतात असे रूप आहे. ‘इथे फिनिश बोलतात’ असे म्हणताना मराठी जे करते, तेच हे रूप करते. बोलणारे कोण ते सांगायचे नसते, फक्त माणसे बोलतात एवढे अध्याहृत असते. कर्म कर्त्याच्या जागी येत नाही, आणि कर्ता ‘कडून’ लावून सांगण्याचीही सोय या रूपात मुळात नाही. म्हणून आधुनिक अभ्यासक या रूपाला अकर्तृक म्हणणे अधिक योग्य मानतात. मराठी परंपरेतला भावे प्रयोग त्याला लॅटिन पॅसिव्हपेक्षा जवळचा आहे.

मराठीतले कर्मणी

ऑस्ट्रेलियात मिशनरी लिहीत होते त्याच सुमारास मराठीची व्याकरणेही लिहिली जात होती. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण 1805 मध्ये श्रीरामपूरला छापले गेले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण थ्रेलकेल्डच्या पुस्तकानंतर दोनच वर्षांनी, 1836 मध्ये आले. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 चे. मराठी व्याकरणकारांच्या पाठीशी लॅटिनखेरीज संस्कृतची परंपरा होती, आणि तिने त्यांना अधिक नेमके हत्यार दिले. पाणिनीच्या व्यवस्थेत कर्ता ही क्रियेतली भूमिका आहे, प्रथमा विभक्ती हे शब्दाचे रूप आहे. भूमिका आणि रूप यांची सांगड दर वाक्यात वेगळी बसू शकते. तृतीया विभक्ती कर्त्यालाही लागते आणि करणालाही. लॅटिनच्या साच्यात जी अडचण होती, ती इथे अडचण नव्हती.

‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग असे मराठी शाळेत शिकवले जाते. याचा अर्थ क्रियापद कर्माच्या अनुरोधाने चालते, एवढाच आहे. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, फळे खाल्ली. रामाचे कर्तेपण त्यामुळे कमी होत नाही. इंग्रजी पॅसिव्हशी जुळणारी रचना मराठीत वेगळी आहे: ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’. मराठी परंपरेने या दोन रचना वेगळ्या ठेवल्या आणि दुसरीला नवीन कर्मणी असे म्हटले. हा भेद ऑस्ट्रेलियातील पहिल्या अभ्यासकांना हाताशी असता, तर अनेक गुंते टळले असते.

दोन्ही रचनांमध्ये इतिहासाचा धागा मात्र आहे. संस्कृतात ‘रामेण आम्रः खादितः’ हे कर्मणी वाक्य होते, आणि त्याच्या शेजारी ‘रामः आम्रम् अखादत्’ हे कर्तरी वाक्यही उपलब्ध होते. प्राकृतांच्या काळात भूतकाळाची जुनी कर्तरी रूपे मागे पडली आणि कर्मणी कृदंत हेच भूतकाळ सांगण्याचे साधन उरले. पर्याय नाहीसा झाला तसा त्यातला कर्मणीपणा ओसरला, आणि मागे राहिली ती अर्गेटिव्ह रचना. म्हणजे एखाद्या भाषेत कर्मणीतून अर्गेटिव्ह घडू शकते, हे भारतीय भाषांच्या इतिहासावरून सिद्ध आहे. ऑस्ट्रेलियातही तसेच घडले का, हा प्रश्न विसाव्या शतकात आला.

केन हेल यांचा सिद्धांत

मिशनऱ्यांच्या पहिल्या पिढीनंतर आदिवासी भाषांकडे लक्ष कमी झाले. जमिनी गेल्या, रोगराई आणि हत्या यांनी लोकसंख्या घटली, आणि अनेक भाषा नोंदीविना संपल्या. विसाव्या शतकात सिडनी विद्यापीठातील आर्थर कॅपेल यांनी खंडभरच्या भाषांची पाहणी केली. 1964 मध्ये कायद्याने ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ ॲबोरिजिनल स्टडीज ही संस्था स्थापन झाली आणि क्षेत्रीय अभ्यासाला पैसा व दिशा मिळाली.

त्याआधीच, 1959 ते 1961 या काळात, अमेरिकेचे केनेथ हेल ऑस्ट्रेलियात आले होते. हेल यांची भाषा शिकण्याची क्षमता विलक्षण होती. वार्लपिरी ते तिथल्या माणसांसारखी बोलू लागले. खंडाचा बहुतांश भाग व्यापणाऱ्या भाषाकुळाचे पामा-न्युंगन हे नाव त्यांनीच रूढ केले. ‘पामा’ आणि ‘न्युंगा’ हे त्या कुळाच्या दोन टोकांना माणसासाठी असलेले शब्द. क्वीन्सलंडच्या उत्तरेला कार्पेंटेरियाच्या आखातात मॉर्निंग्टन बेट आहे. तिथल्या लार्डिल भाषेचा अभ्यास करताना हेल यांना वेगळेच चित्र दिसले. लार्डिलमध्ये कर्त्याला सकर्मक किंवा अकर्मक कोणत्याही क्रियेत खास प्रत्यय नाही. प्रत्यय कर्माला लागतो. आणि क्रियापदाला ठरावीक प्रत्यय लावून त्याचे खरेखुरे कर्मणी रूप करता येते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागातील ङार्लुमा आणि तिच्या शेजारच्या भाषांतही असेच कर्मणी रूप होते. तिथे तर कर्मणी वाक्यातील करणाऱ्याला तोच प्रत्यय लागत होता, जो इतर भाषांत अर्गेटिव्ह म्हणून वापरला जातो.

1970 मध्ये कॅपेल यांच्या गौरवग्रंथात हेल यांनी आपला सिद्धांत मांडला. लार्डिल आणि ङार्लुमा यांनी जुनी स्थिती टिकवली आहे, बाकीच्या भाषांत कर्मणी वाक्यच नेहमीचे वाक्य बनले आणि त्यातून अर्गेटिव्ह रचना निघाली, असा त्यांचा तर्क होता. संस्कृत ते मराठी या प्रवासात जे घडले, त्याच स्वरूपाचा बदल त्यांनी ऑस्ट्रेलियात कल्पिला होता. मिशनऱ्यांच्या समजुतीत आणि या सिद्धांतात मोठे अंतर आहे. मिशनऱ्यांना चालू वाक्यच कर्मणी वाटत होते. हेल चालू वाक्याला अर्गेटिव्हच मानत होते, फक्त त्याचा पूर्वज कर्मणी असावा असे म्हणत होते.

डिक्सन आणि जिर्बल

रॉबर्ट डिक्सन 1963 मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियात आले आणि उत्तर क्वीन्सलंडच्या पावसाळी जंगलांत जिर्बल भाषा शिकू लागले. क्लोई ग्रँट आणि जॉर्ज वॉटसन हे त्यांचे प्रमुख शिक्षक. त्यांच्या मदतीने लिहिलेला जिर्बलवरचा ग्रंथ 1972 मध्ये केंब्रिजने प्रसिद्ध केला, आणि जगभरच्या भाषाविज्ञानात अर्गेटिव्ह हा मध्यवर्ती विषय झाला.

जिर्बलचे वैशिष्ट्य दोन वाक्ये जोडताना दिसते. ‘ङुमा’ म्हणजे बाप, ‘याबु’ म्हणजे आई. ‘ङुमा बनगञु’ म्हणजे बाप परतला. ‘ङुमा याबुङ्गु बुरन’ म्हणजे आईने बापाला पाहिले. ‘ङ्गु’ ही कर्त्याची खूण. आता ‘ङुमा बनगञु याबुङ्गु बुरन’ म्हटले, तर अर्थ होतो बाप परतला आणि आईने त्याला पाहिले. दुसऱ्या वाक्यात गाळलेले नाम हे कर्म आहे. बाप परतला आणि त्याने आईला पाहिले असे सांगायचे असेल, तर क्रियापद बदलावे लागते: ‘ङुमा बनगञु बुरलङाञु याबुगु’. क्रियापदात ‘ङा’ घुसला, बापाची ‘ङ्गु’ ही खूण गेली आणि आईला चतुर्थीचा ‘गु’ लागला. मराठीत असे काही करावे लागत नाही. ‘बाबा परतले आणि आईला पाहिले’ असे सहज म्हणता येते, कारण मराठीत कर्तेपदाचा मान कर्त्याकडेच राहतो. मराठीची अर्गेटिव्ह रचना प्रत्ययापुरती आणि क्रियापदाच्या रूपापुरती आहे. जिर्बलमध्ये ती वाक्यजोडणीपर्यंत खोल गेलेली आहे.

जिर्बलमधील ‘ङा’ रूप कर्मणीच्या नेमके उलट काम करते. कर्मणीत कर्म मुख्य होते आणि कर्ता बाजूला जातो, इथे कर्ता मुख्य होतो आणि कर्म बाजूला जाते. मायकेल सिल्व्हरस्टीन या अमेरिकी अभ्यासकाने अशा रूपाला अँटिपॅसिव्ह हे नाव दिले आणि ते रूढ झाले. या रूपाने जुन्या वादावरही प्रकाश पडला. ज्या भाषेत साध्या वाक्याच्या जोडीला अँटिपॅसिव्ह असते, तिथे साधे वाक्य हेच मूळ आणि दुसरे त्यावरून साधलेले, हे क्रियापदाला वाढीव प्रत्यय लागतो त्यावरून दिसते. साधे वाक्य कर्मणी असते, तर जादा प्रत्यय त्याच्याकडे असता.

सिल्व्हरस्टीनने 1974 मध्ये कॅनबेराच्या परिषदेत वाचलेला आणि 1976 मध्ये छापलेला निबंधही ऑस्ट्रेलियन भाषांवर आधारलेला होता. अर्गेटिव्ह खूण सगळ्या नामांना सारखी लागत नाही, असे त्याने दाखवले. जिर्बलमध्ये ‘आम्ही’साठी ‘ङना’ हे रूप आहे. आम्ही परतलो म्हणा की आम्ही पाहिले म्हणा, ते बदलत नाही. बदल होतो तो कर्म असताना: ‘ङनना’, म्हणजे आम्हांला. बोलणारा आणि ऐकणारा हे कर्ते असणे स्वाभाविक असते, म्हणून त्यांना कर्तेपणाची वेगळी खूण लावावी लागत नाही. मराठीत ‘त्याने आंबा खाल्ला’ पण ‘मी आंबा खाल्ला’, ‘तू आंबा खाल्लास’ असे का, याचे उत्तर याच नियमात आहे.

खरे कर्मणी कुठून आले

हेल यांच्या सिद्धांताला डिक्सन यांनी विरोध केला. अर्गेटिव्ह प्रत्ययाची रूपे खंडभर एकमेकांशी जुळतात. इतक्या भाषांत कर्मणीने स्वतंत्रपणे एकच वळण घेतले असे मानण्यापेक्षा, अर्गेटिव्ह हाच जुना वारसा आणि लार्डिल-ङार्लुमा हेच बदललेले, असे मानणे अधिक सयुक्तिक होते. पुढच्या संशोधनाने हीच बाजू भक्कम केली.

पिलबारामधील भाषांचा अभ्यास ॲलन डेंच यांनी केला. 1982 मधील लेखात त्यांनी बदलाचा क्रम मांडला. वाट पाहणे, शोधणे अशा क्रियापदांसोबत कर्ता प्रत्ययाशिवाय आणि कर्म चतुर्थीत येण्याची पद्धत ऑस्ट्रेलियात जुनीच आहे. पिलबारामध्ये ती पद्धत हळूहळू सर्व सकर्मक क्रियापदांना लागू झाली. चतुर्थीचा प्रत्यय कर्माची कायमची खूण बनला. मराठीत ‘ला’ हा प्रत्यय देण्याच्या वाक्यातही येतो आणि ‘मी त्याला पाहिले’ यातही येतो, त्यासारखेच हे आहे. जुना अर्गेटिव्ह प्रत्यय मुख्य वाक्यातून हटला आणि कर्मणी वाक्यातील करणाऱ्यापुरता उरला. यिंजिबार्न्डी भाषेत ‘ङुली’ हा प्रत्यय लावून क्रियापदाचे कर्मणी रूप करतात. म्हणजे पिलबाराचा प्रवास मराठीच्या उलट दिशेने झाला. मराठीत कर्मणीतून अर्गेटिव्ह निघाली, पिलबारात अर्गेटिव्ह मोडली आणि तिचा प्रत्यय कर्मणीत स्थिरावला.

आखाताच्या बाजूचा पुरावाही तसाच आहे. लार्डिलची भगिनी असलेली युकुल्टा भाषा मुख्य भूमीवर बोलली जात असे, आणि तिने अर्गेटिव्ह रचना टिकवली होती. बेटांवरच्या लार्डिल आणि कायार्डिल्ड या भाषांनी ती सोडली. एकाच घराण्यात दोन्ही स्थिती आढळल्याने, आणि अर्गेटिव्ह स्थिती उरलेल्या खंडाशी जुळत असल्याने, बदल बेटांवर झाला हे उघड झाले. कायार्डिल्ड ही बेंटिंक बेटावरची भाषा. 1948 मध्ये दुष्काळाने आणि समुद्राचे पाणी बेटावर चढल्याने गोड्या पाण्याचे साठे बिघडले, आणि तिथल्या सगळ्या कायाडिल्ट लोकांना मॉर्निंग्टन बेटावरच्या मिशनमध्ये हलवण्यात आले. त्यानंतर मुले त्या भाषेत वाढली नाहीत. निकोलस इव्हान्स यांनी 1980 च्या दशकात उरलेल्या वडीलधाऱ्यांकडून ती शिकून घेतली आणि 1995 मध्ये तिचे सविस्तर व्याकरण प्रसिद्ध केले. या भाषेत कर्माचा प्रत्यय क्रियेच्या काळाप्रमाणे बदलतो; क्रियापद कर्मणी झाले की कर्म प्रत्यय सोडून कर्त्याच्या जागी येते. म्हातारपणी चित्रकार म्हणून जगभर नाव झालेल्या सॅली गाबोरी याच भाषेच्या शेवटच्या भाषकांपैकी एक होत्या. त्या 2015 मध्ये वारल्या.

पिलबाराच्या किनाऱ्यावरील मार्टुथुनिरा भाषेची कथा याहून वेगळी नाही. डेंच यांना ती शिकवणारे ॲल्जी पॅटरसन हे तिचे शेवटचे अस्खलित भाषक होते. भाषेचे व्याकरण 1995 मध्ये छापले गेले, आणि त्याच वर्षी पॅटरसन यांचे निधन झाले. ऑस्ट्रेलियातील खऱ्या कर्मणी प्रयोगांची सर्वांत चांगली नोंद अशा रीतीने भाषा संपता संपता झाली.

आजची स्थिती

अर्गेटिव्ह रचनेलाही इंग्रजीच्या रेट्याने धक्का बसला. ॲनेट श्मिट यांनी 1980 च्या दशकात तरुण जिर्बल भाषकांच्या बोलीचा अभ्यास केला. वयाने लहान होत जाणाऱ्या भाषकांत कर्त्याचा प्रत्यय आधी साधा होतो, मग गळतो, आणि कर्ता-क्रियापद-कर्म हा इंग्रजी क्रम त्याची जागा घेतो, असे त्यांच्या 1985 च्या पुस्तकात दिसते. वार्लपिरीसारख्या काही भाषा मात्र आजही मुलांच्या तोंडी आहेत. 1973 पासून नॉर्दर्न टेरिटरीत द्विभाषिक शिक्षण सुरू झाले आणि 1974 मध्ये आदिवासी भाषकांनाच भाषाविज्ञान शिकवणारी स्कूल ऑफ ऑस्ट्रेलियन लिंग्विस्टिक्स ही संस्था निघाली. व्याकरण लिहिण्याचे काम त्यामुळे काही प्रमाणात भाषकांच्या हाती आले.

जुनी व्याकरणे आता पुनरुज्जीवनाच्या उपयोगी पडत आहेत. ॲडलेडमध्ये 2002 मध्ये स्थापन झालेली गौर्ना वारा पिंट्यांथी ही समिती टाइखलमान आणि श्यूर्मान यांच्या नोंदींतून भाषा पुन्हा उभी करते आहे. न्यूकॅसलच्या मिरोमा केंद्रात अवाबकल शिकवली जाते, आणि अमांडा लिसारॅग यांचे 2006 चे व्याकरण थ्रेलकेल्डच्या साहित्यावर उभे आहे. जुन्या पुस्तकांतली नावे चुकलेली असली, तरी वाक्ये प्रामाणिकपणे उतरवलेली होती, म्हणून आज त्यांच्यावरून खरी रचना पुन्हा मांडता येते.

या इतिहासाचा निष्कर्ष सरळ आहे. जी रचना भाषेत गोष्ट सांगण्याची एकमेव नेहमीची रीत असते, तिला कर्मणी म्हणणे चूक आहे, कारण कर्मणीला कर्तरीची जोड लागते. ऑस्ट्रेलियातील बहुसंख्य भाषा अर्गेटिव्ह आहेत, कर्मणी नाहीत. खरे कर्मणी प्रयोग मुख्यतः आखातातल्या बेटांवर आणि पिलबारात आहेत, आणि त्या भाषांची एकंदर वाक्यरचना हा तिथला नंतरचा बदल आहे. हे ठरवता आले त्याचे श्रेय बिराबानपासून ॲल्जी पॅटरसनपर्यंतच्या शिक्षकांना आहे. त्यांनी धीराने एकेक वाक्य सांगितले नसते, तर वाद सोडवायला पुरावाच उरला नसता.